स्क्रीनवरचं भाडं ठरवतं कोण?

सर्ज, कॅन्सल आणि ‘दादा, येताय ना?’ हा ॲप-कॅबचा रोजचा खेळ तुम्हाला पाठ आहे. पण या खेळाचे नियम सरकारने लिहून ठेवलेत, ते वाचलेत का?

संध्याकाळचे साडेसात. पावसाने जोर धरलाय. हिंजवडीत ऑफिस सुटलंय किंवा अंधेरीत क्लास संपलाय आणि तुम्ही फोन काढता. स्क्रीनवर भाड्याचा आकडा येतो. ‘जरा थांबू’ म्हणून पाच मिनिटांनी परत बघता, तर आकडा चढलेला. घाई असते म्हणून बुक करता. लगेच फोन येतो, ‘‘हॅलो, ड्रॉप कुठं आहे? पेमेंट कॅश का ऑनलाइन?’’ तुम्ही ‘ऑनलाइन’ म्हणालात की पलीकडून ‘बरं, येतो’ असं येतं खरं, पण नकाशावरची ती इवलीशी गाडी जागची हलत नाही. शेवटी वैतागून तुम्हीच कॅन्सल करता आणि पुढच्या राइडच्या बिलात कॅन्सलेशनचे पैसे दिसतात.

यावर आपण काय करतो? ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकतो, दोन मीम फॉरवर्ड करतो आणि दुसऱ्या दिवशी तेच ॲप उघडतो. कारण आपली अशी पक्की समजूत झालीय की, हे भाडं म्हणजे पावसासारखंच आहे. कमी-जास्त होणारच, त्याला कोण काय करणार? खरं तर या आकड्याला वरची मर्यादा आहे आणि खालचीही आहे. कॅन्सल केलं तर कुणी किती भरायचं, ड्रायव्हरच्या हातात किती पडायला हवं, हेही लिहिलेलं आहे. फक्त हे नियम तुमच्या स्क्रीनवर दिसत नाहीत.

मीटरला सील असतं

आधी जरा आपल्या जुन्या रिक्षाकडे बघू. तिच्या मीटरला एक बारीकसं सील असतं. मीटर बरोबर चालतो की नाही, याची तपासणी होते. भाडं किती, हे ना रिक्षावाला ठरवतो ना मीटर बनवणारी कंपनी. मोटार वाहन कायद्याने तो अधिकार राज्य सरकारला दिलाय आणि मुंबईत महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण भाडं ठरवतं. १ फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत रिक्षाचं किमान भाडं २३ वरून २६ रुपये आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं २८ वरून ३१ रुपये झालं, ते असंच. रिक्षावाला ‘तिकडं नाही येत’ म्हणाला तरी, बसल्यावर मीटरने किती होणार, याचा अंदाज तुम्हाला असतो.

ॲप आलं आणि मीटर गाडीतून उठून कंपनीच्या सर्व्हरवर गेला. आता मागणी किती, गाड्या किती, रस्त्यात ट्रॅफिक किती, या सगळ्याचा हिशोब करून एक गणित आकडा काढतं. ते गणित तुम्हाला दिसत नाही, ड्रायव्हरलाही दिसत नाही. त्याला सील लावायचं कसं आणि कुणी, यावरच गेली दहा वर्षं सगळी भांडणं चालू आहेत.

कायद्यात हा प्राणीच नव्हता

ओला सुरू झाली २०१० मध्ये, उबर भारतात आली २०१३ मध्ये. तेव्हा आपला मोटार वाहन कायदा होता १९८८ चा. त्यात गाडीचा मालक होता, ड्रायव्हर होता, परमिट होतं. पण ‘गाडी माझी नाही, ड्रायव्हर माझा नोकर नाही, मी फक्त दोघांची गाठ घालून देतो’ असं म्हणणाऱ्या कंपनीला त्यात नावच नव्हतं. त्यामुळे काही बिनसलं की कंपनी ड्रायव्हरकडे बोट दाखवणार, ड्रायव्हर ॲपकडे आणि तुम्ही दोघांच्या मध्ये.

डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या ड्रायव्हरने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला आणि हा प्रश्न सगळ्या देशासमोर आला. ड्रायव्हरची पार्श्वभूमी तपासायची जबाबदारी कुणाची, हे तेव्हा धड कुणाला सांगता येत नव्हतं. त्यानंतर राज्याराज्यांत नियम करायची धावपळ सुरू झाली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये सिटी टॅक्सी नियम आणले, पण ते कोर्टकचेऱ्यांत अडकले.

२०१९ मध्ये कायदा बदलला आणि या कंपन्यांना अखेर नाव मिळालं, ‘ॲग्रिगेटर’. सरकारी मराठीत ‘समुच्चयक’. शब्द जरा जड आहे, पण त्याचा अर्थ महत्त्वाचा आहे. प्रवाशाची आणि ड्रायव्हरची डिजिटल गाठ घालून देणाऱ्यालाही आता राज्याचा परवाना लागतो. परवाना आला की अटी आल्या आणि अटी मोडल्या की तो काढूनही घेता येतो. नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने या परवान्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सर्ज दीडपटीपर्यंत, ड्रायव्हरला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा, एका ड्रायव्हरने दिवसात १२ तासांपेक्षा जास्त लॉग-इन राहायचं नाही, असं बरंच काही त्यात होतं. जुलै २०२५ मध्ये ती नव्याने आली तेव्हा सर्जची मर्यादा दुपटीवर नेली. पण ही झाली केंद्राची शिफारस. तुमच्या शहरात काय लागू होणार, ते राज्य ठरवतं.

एका प्रवाशाने काय केलं?

आपल्या राज्यात या परवान्याचं घोडं पुढे सरकलं, त्याची गोष्ट तुम्हाला माहिती असायला हवी. मुंबईतल्या एका महिला प्रवाशाला राइडमध्ये वाईट अनुभव आला. तक्रार करायला गेल्यावर लक्षात आलं की, ॲपवर नीट दाद मागायची सोयच नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी इथे एक स्टार देऊन विषय संपवला असता. ही बाई जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेली.

सुनावणीत एक गोष्ट समोर आली. राज्यात हजारो गाड्या धावत होत्या, पण नव्या कायद्यानुसार लागणारा परवानाच कंपन्यांकडे नव्हता. मार्च २०२२ मध्ये न्यायालयाने सांगितलं, १६ मार्चपर्यंत परवान्यासाठी अर्ज करा. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. ‘तक्रार कुठे करायची?’ या एका साध्या प्रश्नापासून सुरू झालेलं हे सगळं.

मग २०२५ मध्ये काय ठरलं?

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ॲप-कॅबसाठी धोरण मंजूर केलं. त्यातल्या या चार गोष्टी पाठच करा :

• मागणी जास्त असताना भाडं मूळ दराच्या जास्तीत जास्त दीडपट.

• मागणी कमी असताना सवलत द्यायची तर मूळ दराच्या २५ टक्क्यांपर्यंतच. त्याखाली भाडं पाडायचं नाही.

• ड्रायव्हरला भाड्याचे किमान ८० टक्के.

• कारण नसताना ड्रायव्हरने राइड कॅन्सल केली तर त्याला भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यातलं जे कमी असेल ते भरावं लागणार आणि ते पैसे तुम्हाला मिळणार. तुम्ही कॅन्सल केली तर ५ टक्के किंवा ५० रुपये, यातलं जे कमी ते, आणि ते ड्रायव्हरला.

पण ‘दीडपट’ म्हणजे कशाच्या दीडपट? मूळ दर कंपनीनेच ठरवायचा असेल तर मर्यादेला अर्थ काय? हा प्रश्न रस्त्यावरच्या ड्रायव्हरांनी लावून धरला. जुलैमध्ये ते मुंबईत संपावर गेले, आझाद मैदानात जमले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याने तात्पुरता दर जाहीर केला : मुंबईत ॲप-कॅबसाठी किलोमीटरला २२ रुपये ७२ पैसे.

आता मोबाइलचं कॅल्क्युलेटर काढा. समजा तुमची राइड १० किलोमीटरची आहे. मूळ भाडं साधारण २२७ रुपये. पाऊस, गर्दी, सगळं धरून दीडपट झालं तरी ३४१ च्या आसपास. आणि दुपारी दोन वाजता रस्ते रिकामे असले तरी १७० च्या खाली नाही. हिशोब ढोबळ आहे, टोल धरलेला नाही, पण यापुढे स्क्रीनवरचा आकडा बघून ‘हे जास्त आहे’ असं नुसतं वाटणार नाही. ते जास्त आहे की नाही, हे तुम्हाला मोजता येईल. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने ॲग्रिगेटरांच्या सविस्तर नियमांचा मसुदाही जाहीर केला आणि लोकांकडून हरकती-सूचना मागवल्या.

‘ड्रॉप कुठंय’ असं तो का विचारतो?

तुम्ही म्हणाल, वरची मर्यादा ठीक आहे, पण खालची कशाला? स्वस्त राइड मिळत असेल तर सरकारच्या पोटात का दुखतं?

इथे जरा ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा. तुम्ही भरलेल्या २०० रुपयांपैकी ८० टक्के, म्हणजे १६० रुपये त्याला मिळाले असं धरू. त्यातून सीएनजी, गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग. तुम्हाला सोडून झाल्यावर परतीचं भाडं मिळेलच असं नाही, मग रिकामी गाडी घेऊन यायचं ते वेगळंच. रात्री दहाला लांबच्या उपनगरात ड्रॉप असेल, तर घरी पोहोचायला मध्यरात्र होणार. म्हणून तो विचारतो, ‘ड्रॉप कुठंय?’ आणि कॅश मागतो, कारण ती लगेच हातात येते. संध्याकाळी गॅस भरायला तीच कामाला येते. तुमची राइड त्याने लटकवणं याने बरोबर ठरत नाही, पण त्यामागचं गणित तरी कळतं.

सुरुवातीच्या वर्षांत कंपन्यांनी आपल्याला कुपनं दिली आणि ड्रायव्हरांना इन्सेंटिव्ह दिले. आपल्याला रिक्षाच्या भावात एसी गाडीची सवय लागली, त्यांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. मग कुपनं आटली, इन्सेंटिव्हही आटले आणि हप्ते तेवढे राहिले. भाड्याला तळ हवा, ही मागणी त्यातून आली.

हा ताण सगळ्यात उघड दिसला तो पुण्यात. तिथल्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने एसी टॅक्सीचा दर ठरवला : पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५. १ जानेवारी २०२४ पासून तो लागू झाला. ॲप मात्र आपला वेगळाच आकडा दाखवत राहिलं. मार्च २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने ओला-उबरचे चारचाकीच्या परवान्याचे अर्ज फेटाळले. गाड्या तरीही धावत राहिल्या. मग ड्रायव्हर म्हणू लागले, आम्ही सरकारी दरानेच पैसे घेणार. पुण्यात राहत असाल तर ‘ॲपवरचं सोडा, मीटरने किती होतात ते बघा’ हा संवाद तुम्ही ऐकलाच असेल. तुमच्या हातात १८० चा स्क्रीनशॉट, त्याच्या हातात २५० चा हिशोब. तुम्ही ॲपवर विश्वास ठेवून बसलेले, तो सरकारी दरपत्रकावर बोट ठेवणारा. नियम कागदावर एक आणि स्क्रीनवर दुसरा असला की त्या दरीत भांडतात ते गाडीतले दोघं. कंपनी तिथे नसतेच.

ड्रायव्हर कंपनीचा कामगार की स्वतंत्र धंदेवाईक, हा तर जगभरचा वाद आहे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये निकाल दिला की, उबरचे ड्रायव्हर हे ‘वर्कर’ आहेत, त्यांना किमान वेतन आणि पगारी सुट्टी मिळायला हवी. आपल्याकडे एवढं झालेलं नाही. पण २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांचा उल्लेख आहे आणि ॲग्रिगेटरांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आहे.

पांढरी पाटी, पिवळी पाटी

कॉलेजला उशीर झाला की बाइक टॅक्सीसारखं दुसरं काही नाही. स्वस्त आणि मस्त. पण बसण्याआधी नंबर प्लेट बघता का?

पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे खासगी गाडी. ती भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नोंदलेली नसते. तिच्या नेहमीच्या इन्शुरन्स पॉलिसीत ‘भाड्याने किंवा मोबदल्यासाठी वापर’ बहुधा वगळलेला असतो. म्हणजे अपघात झाला तर आधी वाद सुरू होणार की मुळात विमा लागू होतो का. तुम्ही हॉस्पिटलमध्ये असताना घरच्यांनी हा वाद घालायचा, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. वाचलेले ४० रुपये महागात पडू शकतात.

जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रॅपिडोला राज्यातली सेवा थांबवायला सांगितली, ती परवाना नव्हता म्हणूनच. सर्वोच्च न्यायालयातूनही कंपनीला दिलासा मिळाला नाही. पुढे एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बाइक टॅक्सीला परवानगी दिली, पण फक्त इलेक्ट्रिक बाइकना आणि एक लाखाहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत. एका फेरीला १५ किलोमीटरची मर्यादा. भाडं पहिल्या दीड किलोमीटरला १५ रुपये, पुढे किलोमीटरला १० रुपये २७ पैसे. मधल्या काळात जुलै २०२५ मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी स्वतःच ॲपवरून बाइक बुक करून पाहिली आणि बेकायदा सेवा बिनधास्त चालू असल्याचं दाखवून दिलं. मंत्र्यांना बाइक मिळते, तर तुम्हालाही मिळणारच. ॲपवर दिसते म्हणजे कायदेशीर असणारच, असं मात्र समजू नका.

गोव्याला ट्रिप काढणाऱ्यांसाठी एक जादा टीप. तिथे ओला-उबर शोधत बसू नका. राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने २०१८ मध्ये ‘गोवामाइल्स’ हे ॲप आणलं आणि त्यालाही स्थानिक टॅक्सीवाल्यांचा कडवा विरोध झाला. विमानतळावर उतरल्यावर भाडं एवढं का, असा प्रश्न पडला तर लक्षात ठेवा, हाच वाद तिथे वेगळ्या कपड्यांत चालू आहे.

तुमच्या हातात काय आहे?

तुम्ही एकटे कंपनीचं गणित बदलू शकत नाही, हे खरं. पण अगदीच हात बांधलेले नाहीत.

गाडी आली की नंबर, मॉडेल आणि चेहरा ॲपशी जुळतोय का ते बघा. ‘ती गाडी बिघडली, ही दुसरी आणलीय’ असं कुणी म्हणालं तर बसू नका. रात्री ट्रिप घरच्यांना शेअर करा. एसओएस बटण ॲपमध्ये कुठं आहे, ते आजच घरी बसून शोधून ठेवा, गरज पडेल तेव्हा शोधायला वेळ नसतो. आणि ११२ हा आपत्कालीन नंबर सगळ्यांनाच पाठ हवा.

भाड्यावरून बिनसलं तर स्क्रीनशॉट दोन हवेत : बुक करतानाचा आणि संपल्यावरच्या बिलाचा. ड्रायव्हरने कॅन्सल करायला लावलं तर त्याच्याशी झालेलं बोलणं ॲपच्या चॅटमध्येच ठेवा, म्हणजे पुरावा राहतो. आधी ॲपवर तक्रार करा, तिथे नुसतंच ‘वी आर सॉरी’ आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर लावा. गाडी बेकायदा असेल किंवा भाडं मर्यादेबाहेर असेल तर आरटीओकडे तक्रार करा.

अशा तक्रारींनी काय होतं, असं वाटतं ना? ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओलाला आदेश दिला की, रिफंड कुपनच्या रूपात गळ्यात मारू नका, बँक खात्यात हवा की कुपन हवं ते ग्राहकाला निवडू द्या. जानेवारी २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने ओला आणि उबरला नोटीस पाठवून विचारलं, आयफोनवर एक भाडं आणि अँड्रॉइडवर दुसरं, असं दाखवता का? कंपन्यांनी ते नाकारलं. पण हा प्रश्न आला कुठून? दोन मित्रांनी दोन फोन शेजारी ठेवून काढलेल्या स्क्रीनशॉटसारख्याच गोष्टींतून. त्याच वर्षी मे महिन्यात गाडी येण्याआधीच टिप मागण्यावरून उबरला नोटीस गेली.

आणखी एक काम आहे, जे आपण जवळजवळ कधीच करत नाही. सरकार नियमांचा मसुदा काढतं, तेव्हा त्याखाली लिहिलेलं असतं : हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. ती ओळ तुमच्यासाठीही असते. कंपन्यांचे वकील त्यावर पानंच्या पानं पाठवतात. ड्रायव्हरांच्या संघटना निवेदनं देतात, मोर्चे काढतात. रोज मागच्या सीटवर बसणाऱ्या लाखो लोकांकडून किती पत्रं जात असतील? तुम्हाला काय हवंय, ते ठरवा. मूळ दर आणि त्यावर किती पट सर्ज लागला, हे दोन्ही स्क्रीनवर वेगळं दिसावं? ड्रायव्हरच्या हातात किती पडले, ते बिलावर छापलं जावं? रात्री अकरानंतर तक्रार केली तर माणसाने फोन उचलावा? चार ओळींचा ईमेल पुरतो, शुद्धलेखनाला मार्क नाहीत.

पुढच्या वेळी असा मसुदा आला की ग्रुपवर मीमच्या आधी त्याची लिंक टाका.